खिडकीतले सात डबे

माझी बायको मिनायो गेल्याचा निरोप काकामेगाच्या इस्पितळातून आला, त्या दिवशी खिडकीतल्या डब्यांमध्ये तिची ॲव्होकाडोची सात रोपं हातभर झाली होती. खाल्लेल्या फळाची बी ती कधी फेकायची नाही, डब्यातल्या मातीत रुजवायची. पण आमच्याकडे बाईनं जमिनीत झाड लावलं तर नवरा मरतो म्हणतात. म्हणून दर पावसाळ्यात मलाच म्हणायची, "अहो, खड्डे खणून तेवढी लावून द्या ना." मी म्हणायचो, "बघू." रोपं डब्यातच वाळायची आणि ती पुन्हा नवी बी रुजवायची.

मातीच्या दिवशी माझा थोरला भाऊ लुसेनो डब्यांकडे बघून म्हणाला, "शहाणी होती रे तुझी बायको. जमिनीत लावली नाहीत, म्हणून तू वाचलास."

"वाचलो ना, दादा. बघा, कसा धडधाकट आहे! हातभर खड्डा मागत होती, तर अकरा वर्षं माझी कंबर दुखत होती. आज तिच्यासाठी पुरुषभर खोल खणला आपण दोघांनी, तोही दुपारच्या आत."

दादा नखातली माती काढत बसला.



सातही रोपं अजून डब्यातच आहेत.