जुनीचा आवाज

"ही मुकी आहे," असं म्हणून पप्पांनी नवी कोरी गिटार काउंटरवर परत ठेवली.

वसईतल्या लग्नाच्या बँडने वय झालं म्हणून त्यांना काढलं, तेव्हा रोशल बँडमास्तरशी कडाकडा भांडून आली होती. आज तीच त्यांना हट्टाने दुकानात घेऊन आली होती.

पप्पांनी भिंतीवरची जुनी गिटार मागितली. वायर जोडताना दुकानदाराने बजावलं, "काका, दोन्ही गिटारी आतून अर्ध्या पोकळच, पण ही म्हातारी फार किंचाळते. स्पीकरपासून लांब उभे राहा."

"हो हो," म्हणत पप्पा स्पीकरला खेटून उभे राहिले.

पहिल्याच सुराला गिटार अशी किंचाळली, की रोशलने कान गच्च दाबले. पप्पा मात्र लाकूड छातीशी धरून, डोळे मिटून वाजवतच राहिले. दुकानदाराने धावत जाऊन स्पीकर बंद केला. तरी त्यांची बोटं थांबली नाहीत.

"काय गोड आवाज आहे! हीच घेऊ ना गं?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"हो, पप्पा," रोशल म्हणाली. मग पुन्हा, मोठ्याने म्हणाली.

"अगं, बोल ना काहीतरी," पप्पा म्हणाले.