पुलावरची हद्द

निवडणुकीच्या नाकाबंदीसाठी वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे चंद्रपूर पोलीस उभे होते आणि पलीकडे गडचिरोली पोलीस. अलीकडच्या तुकडीत शिपाई ललिता वाढई होती. पलीकडे गाडीची डिकी तपासायला निघालेला हवालदार तिनं नुसत्या चालण्यावरून ओळखला. तो तिचा नवरा होता, मंगेश.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. पण ज्या जिल्ह्यात भरती, त्याच जिल्ह्यात नोकरी. तो दूर सिरोंच्याला, ती लेकीला घेऊन चंद्रपूरला. सणावाराला दोघांनाही बंदोबस्त. आज त्याला इथं पाठवलं होतं, हे तिला माहीतही नव्हतं.

त्यानं हात वर केला. तिनंही केला.

"कोण आहे तो?" तिच्या साहेबांनी विचारलं.

"मिस्टर आहेत माझे, सर."

"मग जा की! पण अर्ध्या पुलापर्यंतच. पुढं आपली हद्द नाही."

पुलाच्या मधोमध दोघं भेटले. तो फार वाळला होता.

"जेवली का?" त्यानं विचारलं.

"हो. परी विचारते, बाबा घरी काहून येत नाही?"

तो नदीकडे पाहत म्हणाला, "बदली मिळते आहे, तुझ्या जिल्ह्यात. पण माझी ज्येष्ठता जाईल. फिती उतरवून पुन्हा शिपाई व्हावं लागेल. उद्या होकार कळवायचा आहे."

"तुमच्या मनात काय आहे?"

"मला ड्युटी संपली की घरी यायचं आहे, ललिता."

"मग या," ती म्हणाली, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या पोलिसांदेखत तिनं त्याचा हात धरला.