न मावळलेला दिवस

मुलांनो, डोळे मिटून माझ्याबरोबर विमानात बसा पाहू. शेजारी आहे तासगावची राजमती, जर्मनीतल्या दवाखान्यात नर्सच्या नोकरीला निघालेली. निरोपाच्या रडारडीत सकाळपासून पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. सांगून ठेवलेलं जैन जेवण समोर आलं, पण घड्याळात रात्रीचे आठ वाजले होते. दिवस मावळल्यावर ती कधीच जेवली नव्हती. तिने ताट झाकलं. “आवं मावशी, जेवत का न्हाई?” खिडकीशी बसलेल्या साताऱ्याच्या चिमुरडीने विचारलं. “दिवस बुडाला गं, बाळा.” “कुटं बुडालाय? ह्यो काय!” पोरीने खिडकीची झडप वर सरकवली. ढगांवर लख्ख ऊन! विमान पश्चिमेला धावत होतं, घड्याळ मात्र तासगावचंच होतं. राजमतीने भरल्या डोळ्यांनी हात जोडले. “पण जेवताना मावळला तर?” तिने विचारलं. मग चिमुरडीने पट्टा सोडला आणि भावाशी भांडून मिळवलेली खिडकी मावशीला दिली.