भोंगा आणि भंडारा

मोटारीच्या दारामागच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये तिळाएवढा हिरवा थर साचला होता. दार उघडताच पट्ट्या टेकून भोंगा वाजावा आणि चोर सापडावा, म्हणून कुरुंद्याच्या माणिकरावांनी ही तार हैदराबादेत बसवून घेतली होती. गेली दोन वर्षं मात्र दमट सकाळी दार बंद असतानाही भोंगा वाजे. प्रत्येक वेळी माणिकराव ड्रायव्हर दगडोबाला चारचौघांत बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावत, की मी चोरून गाडीला हात लावला नाही. गावात मोटार चालवता येणारा तो एकटाच, म्हणून चोरही तोच. माणिकरावांना स्वतःला फक्त मागे बसता येत होतं.

हिंगोलीहून आलेल्या मोहियोद्दीन मिस्त्रींनी पट्टी हुंगली. "मालक, नारळ कुठं फोडता?"

"दाराच्या कडीवर. दर शनिवारी, माझ्या हातानं."

"तेच पानी आत झिरपून तांबं खाऊन राहिलं. ओल आली की त्या थरातून वीज जाते. दगडोबाचा काही कसूर न्हाई."

"देवाचं पानी काहून बिघाड करंल?" माणिकराव म्हणाले. "दगडोबा, उचल भंडारा. मिस्त्रीसमोरबी एकदा होऊन जाऊ दे."

दगडोबाने शांतपणे भंडारा उचलला. दोन वर्षं तो एकच वाक्य गिळत आला होता.



"भंडाऱ्याची आण, मालक. आजपासून तुमच्या गाडीला हात लावणार न्हाई."