थोर्किलचं पुस्तक

"दुसरीकडे कुठे कॉपी ठेवलीय का?" येप्पेनं विचारलं.

"नाही," थोर्किल म्हणाला.

थोर्किलची हयात मालवाहू जहाजांवर गेली होती. निवृत्त झाल्यापासून तो माडीवर बसून दर्यावरच्या दिवसांचं पुस्तक लिहीत होता. बेटावरच्या मार्स्टाल गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. शनिवारी गावच्या ग्रंथालयात त्याचं वाचन ठरलं होतं, आणि ऐन वेळी कॉम्प्युटर सुरूच होईना. ग्रंथपालबाईंनी तडक येप्पेला धाडलं. बेटावर दुरुस्ती करणारा तो एकटाच.

"टाकून दे रे ते खटारं," थोर्किलची बायको बोदिल कॉफी ओतत म्हणाली. "मेलेल्याला कशाला उठवतोस?"

"अहो, यात तुमच्या नवऱ्याची वर्षानुवर्षांची मेहनत आहे."

"असेना. केक घे."

ती खाली स्वयंपाकघरात गेली. काय दगडाच्या काळजाची बाई, येप्पेच्या मनात आलं.

त्यानं आपल्या लॅपटॉपवर एक पेन ड्राइव्ह तयार करायला घेतला. "तुमच्या कॉम्प्युटरची स्वतःची सिस्टिम बिघडलीय. तिला झोपू द्या. आपण तो या पेन ड्राइव्हवरून सुरू करू आणि आतलं सगळं बाहेर काढू."

"सगळं?"

"सगळं."

थोर्किल खिडकीतून बंदराकडे बघत राहिला.

पेन ड्राइव्ह लावला. थोड्या वेळानं पडदा उजळला. येप्पेनं 'पुस्तक' नावाचा फोल्डर उघडला. पहिलं जहाज. रीगा बंदर. वादळ. प्रकरणांमागून प्रकरणं. त्यानं एक उघडलं. कोरं. दुसरं उघडलं. तेही कोरं. 'वादळ'मध्ये तेवढं एक वाक्य होतं: त्या दिवशी समुद्र शांत होता.

"रोज सकाळी बसतो," थोर्किल हळूच म्हणाला. "सगळं जिभेवर असतं. बोटांत उतरत नाही. लोक विचारायचे, मी म्हणायचो, चाललंय." तो येप्पेकडे वळला. "शनिवारी सगळा गाव येणार आहे रे."

येप्पेनं उघडलेली प्रकरणं एकेक करून मिटली. मग त्यानं कॉम्प्युटर बंद केला, पेन ड्राइव्ह उपसून खिशात टाकला आणि खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "डिस्कच गेलीय, थोर्किल! एक अक्षर हाती लागत नाही. माफ करा."

थोर्किलनं त्याचा हात घट्ट धरला. सोडेचना.

बोदिल येप्पेला फाटकापर्यंत पोचवायला आली. तिचे डोळे भरले होते. आता हिला वाईट वाटतंय, येप्पेला वाटलं.

"मला खरंच वाईट वाटतं, बोदिल."

"खोटं छान बोलतोस," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी आधी मला विचार, मेल्या. अपडेट चालू असताना वायर ओढून ओढून मी ते खटारं कसंबसं बंद पाडलं होतं."