भिंतीवरचा फ्लाको

रोसारिओ शहरातल्या एका फुटबॉल क्लबच्या भिंतीवर फ्लाकोचं चित्र होतं. अंगानं काटकुळा, दहा नंबरचा शर्ट, पायाशी चेंडू. त्याच्या शेजारी आता नव्या पोराला, नाहुएलला रंगवायचं ठरलं. पेंटर शिडीवर चढला आणि क्लबचा जुना चाहता एर्मिनिओ याचं डोकंच फिरलं.

"उतर खाली! अजून ओठांवरचं दूध वाळलं नाही त्याच्या, आणि त्याला फ्लाकोच्या मांडीला मांडी लावून बसवताय? फायनलला फ्लाकोनं चार जणांच्या मधून, मागे न बघता, टाचेनं पास दिला होता. दिलाय तुमच्या नाहुएलनं असा एक तरी?"

तोंडाचा पट्टा चालू असतानाच तो माते चहाचं भांडं भरून बाकावरच्या मंडळींत फिरवत होता. भांडं टोकाला बसलेल्या ढेरपोट्या म्हाताऱ्याकडे आलं. त्यानं नळीनं एक घोट ओढला आणि हळूच म्हणाला, "नाहुएल बघून पास देतो रे. त्या दिवशी चेंडू टाचेला चुकून लागला होता. रंगवू दे त्याला."

एर्मिनिओनं भांडं परत घेतलं, पुन्हा भरलं, आणि पुढच्या फेरीत म्हाताऱ्याला चक्क वगळलं. रोसारिओत याहून मोठा अपमान नाही.

"तू गप्प बस, फ्लाको!" तो कडाडला. "तू मैदानात होतास, तुला काय दिसणार? आम्ही गॅलरीत होतो!"