मुठीखालची खाच

दादांनी मुठीचे तिन्ही स्क्रू काढले, पातं मोकळं केलं आणि मूठ बसते त्या जागी, कडेला, कानशीनं एक बारीक खाच मारली. अंगठ्याचं नख फिरवून पाहिलं. अडकलं. मग मूठ पुन्हा आवळून त्यांनी करवत रांगेत टांगली. या खाचेबद्दल त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि बायकोला न सांगितलेली ही त्यांच्या आयुष्यातली बहुधा दुसरीच गोष्ट.

घडलंच तसं होतं. तीन महिन्यांपूर्वी एक सुतार रस्त्यात भेटला आणि हसत म्हणाला, "दादा, तुमची चिमणी हल्ली वाकडी उडते हो." दादांच्या प्रत्येक करवतीवर उडत्या चिमणीचा शिक्का असे. चाळीस वर्षं ते हातानं दाते पाडत आले होते. त्यांची करवत आखलेल्या रेघेवरून केसभर ढळत नाही, असं सुतार आपणहून सांगत. त्या नावाशिवाय त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय? घरी पोचेपर्यंत त्यांची खात्री पटली. कुणीतरी चिमणी चोरून नकली करवती विकतंय.

शिक्का कपाटात असे, आणि कपाटाच्या किल्ल्या दोनच. दुसरी धाकट्या भावाकडे.

धाकट्याचं काम शेजारच्या खोलीत. बंद पडलेल्या कारखान्यांतली लाकूडकामाची जुनी यंत्रं भंगारातून उचलायची, गंज रॉकेलमध्ये भिजवून काढायचा, झिजलेले भाग नव्यानं घडवायचे आणि यंत्र पुन्हा चालतं करायचं. मोठा हुशार गडी, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. गेल्या वर्षी त्यानं करवतीचे दाते पाडायचं एक पुरातन यंत्र आणलं. दादांनी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, शोभेला. शोभेच्या यंत्राला कुणी रोज तेल घालतं का? दादांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

मग एकेक दिसू लागलं. दादा दुपारी आडवे झाले की शेजारच्या खोलीचं दार आतून लागायचं. पोलादाचे पत्रे भराभर संपायचे. एकदा तर मागच्या दाराशी एक गिऱ्हाईक आलं, धाकट्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी देऊन, तसंच गुंडाळलेलं दुसरं काहीतरी घेऊन गेलं. बायको तिथेच कप विसळत होती. दादांना पाहताच तिनं मान खाली घातली. म्हणजे घरातही फितुरी.

आई गेली तेव्हा याच धाकट्याला दादांनी हातानं भरवलं होतं. ते आठवलं की त्यांना जेवण जात नसे. तरी ते मूग गिळून राहिले आणि प्रत्येक करवतीला खाच मारत गेले. उजेड पुरेना म्हणून दिवा पात्याच्या अगदी नाकाशी ओढला, बल्ब तिसऱ्यांदा बदलला. मेले हल्ली बल्बसुद्धा नकलीच बनवतात.

शेवटी त्यांनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. त्याच सुताराला चिमणीच्या करवती घेऊन बोलावलं. बायकोला आणि धाकट्याला समोर उभं केलं. सुतारानं दोन करवती आणल्या होत्या, दोन्ही याच महिन्यातल्या. दादांनी फळीवर रेघा मारून त्याला कापायला सांगितलं. पहिली रेघेवरून सरळ गेली. दुसरी वीतभर जाईतो बोटभर सरकली.

"ही मी परत द्यायलाच आणणार होतो," सुतार म्हणाला, आणि त्यानं धाकट्याकडे पाहिलं.

दादांनी ती दुसरी करवत उचलली. आपल्या हातच्या प्रत्येक करवतीला मुठीखाली खाच आहे, नकलीला ती नसणार, एवढं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि स्क्रू सोडायला घेतले. धाकट्याचा चेहरा पडला.

"दादा, नको उघडूस."

"का? घाम फुटला?"

"शिक्का मी मारला. करवती मीच बनवल्या. झालं? आता ठेव ती खाली."

चोरानंच कबूल केल्यावर उरलं काय? पण दादांना आता पुरावा हवा होता, तोही सगळ्यांसमोर. त्यांनी तिसरा स्क्रू काढला, मूठ बाजूला ठेवली आणि पातं खिडकीच्या उजेडात धरलं. कड त्यांना स्वच्छ दिसली.

"बघा," ते म्हणाले. "आहे कुठे खाच?"

सुतार जमिनीकडे पाहत होता. बायकोनं तोंड फिरवलं होतं. दादांनी सवयीनं कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

नख अडकलं.